गिअरबॉक्सला हात लावायचा नाही

कोल्हापुरात इंजिनाला कुणी भीत नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही गल्लीत शिरा, कुणाचं ना कुणाचं इंजिन खोलून पडलेलंच असतं. विहिरीवरचं असो, ट्रॅक्टरचं असो, जीपचं असो. बोअर मारून, पिस्टन-रिंगा बदलून, क्रँक घासून बांधून देतात आणि बांधता बांधता गिऱ्हाइकाशी ऊसदरावर वादही घालतात. बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला तो याच गावात. तेव्हापासून म्हणा किंवा त्याच्याही आधीपासून, माणसानं जोडलेली वस्तू दुसऱ्या माणसाला खोलता येते यावर कोल्हापूरकराची जोतिबाच्या खालोखाल श्रद्धा आहे. या श्रद्धेला अपवाद एकच. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.

ऑटोमॅटिक गाडी गॅरेजात आली की जुन्या वळणाचा मिस्त्री आधी बॉनेट उघडत नाही. दार उघडतो, खाली वाकतो आणि पेडलं मोजतो. दोनच भरली की विचारतो, "क्लच कुटं हाय?" क्लच नाही म्हटल्यावर फडक्याला हात पुसतो. हात अजून काळे व्हायचे असतात, तरी पुसतो. "पुण्याला न्या." पुण्याचा मिस्त्री मुंबईला न्या म्हणतो. मुंबईचा मिस्त्री "ही तुम्हाला दिली कुणी?" असं विचारतो. मग गाडी आहे तशी परत येते आणि तिच्यावर ताडपत्री पडते.

भीती अगदीच खोटी नाही. साध्या गिअरबॉक्सचं झाकण काढलं की आतला कारभार डोळ्यांना दिसतो. दात दिसतात, तुटलेला दात दिसतो, तो तेलाच्या तळाशी पडलेलाही दिसतो. ऑटोमॅटिकच्या पोटात एका गिअरभोवती दुसरे गिअर फिरतात, त्यांच्याभोवती दातेरी कडं, ड्रमभोवती आवळणारा पट्टा, शेजारी क्लचच्या चकत्यांची चळत, आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारी व्हॉल्व्ह बॉडी. ही व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे धातूत कोरलेली गल्लीबोळं. त्यांतून तेल पळतं, आपलाच दाब ओळखतं आणि आता वरचा गिअर टाकावा असं ठरवतं. जुन्या गाड्यांत यासाठी कुठली वीज नव्हती की वायर नव्हती. नुसतं तेल हा निर्णय घ्यायचं. बोळांत जागोजाग स्प्रिंगा आणि बारीक छरे बसवलेले. बॉडी उलटी झाली की आधी छरे बाकाखाली जातात आणि त्यांच्यामागून मिस्त्रीची अब्रू. गावातल्या प्रत्येक गॅरेजात एक किस्सा ऐकायला मिळतो: कुणाचा तरी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्तीला गेला आणि पोत्यातून परत आला. गाडी कुणाची, मिस्त्री कोण, साल कोणतं, काही ठाऊक नाही. पोतं युरियाचं होतं, हे मात्र सगळे छातीठोकपणे सांगतात.

म्हणून तर पेट्रोल परवडेनासं झालं त्या काळात आपल्याकडच्या अनेक मोठ्या अमेरिकन गाड्यांत पर्किन्सची डिझेल इंजिनं बसली, तेव्हा पुष्कळांनी त्याच धडाक्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही काढून साधा टाकून घेतला. गाड्या चालल्या. फक्त आत बसून नवराबायकोला एकमेकांशी बोलायचं झालं तर गाडी थांबवावी लागायची, आणि यावर तक्रार ऐकल्याचं कुणाला आठवत नाही.

आमच्या समोरच्या वाड्यातल्या आबांची इम्पाला या लाटेतून सुटली. शेवरोलेची 1964 ची इम्पाला. लांबी पाच मीटर तेहतीस सेंटिमीटर. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला कारखाना होता, 1928 मध्ये सुरू झालेला. तिथे शेवरोले जुळवत असत. पण तो 1954 ला बंद झाला आणि इम्पाला जन्माला आली 1958 साली. त्यामुळे तेव्हा आपल्याकडे आलेली इम्पाला म्हणजे बोटीतून कुणातरी बड्याच्या नावावर आलेली. वकिलातीतला साहेब, नाहीतर नट, नाहीतर संस्थानिक. आबांच्या वडिलांनी ती मुंबईच्या एका चित्रपट वितरकाकडून घेतली. त्याचा पिक्चर पडला होता. मागच्या सीटवर कोणकोणत्या नट्या बसून गेल्या याची यादी घरात तोंडपाठ आहे आणि दर पिढीला तीत एकीची भर पडते.

गाडीत पॉवरग्लाइड गिअरबॉक्स. शेवरोलेनं तो 1950 मध्ये आणला आणि 1973 पर्यंत चालवला. पुढं जायला गिअर दोनच. पाच-पाच गिअरवाले हसतात. आबा म्हणतात, "एक निघायला, एक पोचायला. मधलं कशाला पायजेत?"

ही गाडी भावकीतल्या प्रत्येक वरातीला लागते. शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते, तिच्यानंतर गावात मान आपल्या इम्पालाचा, अशी आबांची समजूत आहे आणि त्यांच्या वयाकडे पाहून ती कुणी खोडत नाही. वरातीत गाडी बंद पडली तर धक्का मारणाऱ्यांना वऱ्हाडात तोटा नसतो, पण ऑटोमॅटिक गाडी धक्क्यावर चालू होत नाही असं सगळे जाणकार सांगतात. जाणकार चुकतात. 1964 च्या पॉवरग्लाइडला मागच्या अंगाला दुसरा तेलपंप असतो. चाकं फिरली की तो दाब धरतो आणि इंजिन फिरवून देतो. पुढच्या काळात कंपनीनं तो काढून टाकला. अट एवढीच की गाडी ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वेगानं ढकलली गेली पाहिजे. आबांनी हे एका लग्नात माहितीपत्रक उघडून जाहीर केलं. तालमीतली पोरं दंड थोपटून पुढं झाली. आत नवरा-नवरी, मागं पैलवान, त्यांच्या मागं बँड. क्लॅरिनेटवाला पळत पळत वाजवत होता आणि सूर सोडत नव्हता. मजल ताशी बारा-तेरापर्यंत गेली असेल. नंतर ट्रॅक्टर आणून इम्पाला दोरीनं कार्यालयापर्यंत नेली, आणि पैलवानांना पहिल्या पंगतीला बसवलं.

इतकं होऊनही इंजिन उतरवायचं ठरलं नव्हतं. ठरलं ते धुरामुळं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की इंजिन ऑइल पितं आणि निळा धूर सोडतं. त्या वर्षी उन्हाळ्यात धूर इतका वाढला की वरातीपुढचा घोडा शिंकू लागला आणि व्हिडिओत नवरीऐवजी नुसता निळेपणा आला. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. त्याच्या आत इंजिन बांधून पाहिजे, असा घरातून हुकूम निघाला.

मिस्त्री आले. ट्रकची, बोअरवेलच्या गाड्यांची इंजिनं डोळे मिटून बांधणारा माणूस. त्यांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, वाकून पेडलं मोजली, आणि अट घातली.

"आबा, इंजिन उतरवतो. बोअर करून नव्यासारखं बांधून देतो. पर मागच्या डब्याला मी हात लावणार न्हाई. हाय तिथं ऱ्हाईल."

"मीबी त्येच म्हणणार हुतो," आबा म्हणाले. दोघांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी जे समाधान पसरलं तसं मी सोयरीक जमतानाही पाहिलेलं नाही.

यात नुसती भीती होती असंही नाही. 1958 ते 1964 च्या शेवरोलेची चासी फुलीच्या आकाराची आहे. फुलीच्या मध्यातून बोगदा, बोगद्यातून प्रोपेलर शाफ्ट, तोही दोन तुकड्यांचा, मध्ये बेअरिंग. गिअरबॉक्स बाहेर काढायचा तर शाफ्ट सोडा, मागचा आडवा क्रॉसमेंबर सोडा, गिअरची दांडी सोडा, स्पीडोमीटरची केबल सोडा. त्यापेक्षा इंजिन एकटं पुढं ओढलं आणि वर घेतलं की झालं. सगळ्या जगातले मिस्त्री हाच हिशेब करतात आणि हिशेब बरोबर आहे.

फक्त एक गोष्ट हिशेबात धरलेली नसते. जी वस्तू जागची हलवायची नाही, ती कुणाकुणाला धरून बसली आहे, हे बाकीच्यांना हलवायला गेल्यावर कळतं. गिअरबॉक्सला हात न लावण्यासाठी मिस्त्रींना पहिला अख्खा दिवस गिअरबॉक्सलाच हात लावावा लागला.

गिअरबॉक्सचं तेल थंड करायला दोन नळ्या रेडिएटरपर्यंत गेलेल्या; रेडिएटर काढायचा म्हणजे त्या सोडणं आलं. गिअर कधी बदलायचा याचा अंदाज यावा म्हणून इंजिनाच्या श्वासावर पाळत ठेवणारी एक पोकळ नळी, ती सोडली. कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सच्या कुशीपर्यंत एक दांडी, ती सोडली. बारक्या, म्हणजे मिस्त्रींचा हेल्पर, गाडीखालून एकेक तुकडा बाहेर देत होता आणि मिस्त्री तो डब्यात टाकताना दर वेळी "हे गिअरबॉक्सचं न्हवं" असं स्वतःला बजावत होते.

मग पान्यांचा घोळ. अमेरिकन गाडी इंचात बोलते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडावरचे बोल्ट साडेचार सुताच्या पान्याचे. चौदाचा पाना त्यावर चढत नाही. केसभर कमी पडतो. पंधराचा चढतो आणि बोल्टाची डोकी गोल करून उतरतो. आबांनी आतून मखमली पिशवी आणली. तीत चोरबाजारातून आणलेला साडेचार सुताचा रिंग पाना होता, एकच. तो दिवसभर हातोहात फिरला आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला आबा स्वतः खुर्ची टाकून बसले. इंजिनाकडे त्यांचं फारसं लक्ष नव्हतं.

खरा पेच टॉर्क कन्व्हर्टरशी आला. साध्या गाडीत जिथे क्लच असतो तिथे ऑटोमॅटिकमध्ये हे गोल, जाड, तेलानं भरलेलं भांडं. आत पात्यांची दोन चाकं तोंडाला तोंड लावून बसलेली, मध्ये तिसरं छोटं. इंजिन एक चाक फिरवतं, ते तेल फेकतं, त्या तेलानं दुसरं फिरतं. मधे लोखंडाचा सांधा नाही. कल्पना हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरची, 1905 सालची, आणि ती मोटारीसाठी नव्हतीच. जहाजाच्या टर्बाइनसाठी होती. मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये अशी तेलाची सोयरीक ओल्ड्समोबीलनं 1940 च्या गाड्यांत हायड्रा-मॅटिक या नावानं आणली. मग ती युद्धात अमेरिकन रणगाड्यांतही गेली, आणि एवढं सगळं करून आमच्या गल्लीत येऊन बारक्याच्या नाकावर थेंब थेंब गळू लागली.

प्रश्न असा की हा कन्व्हर्टर कुणाचा? भावकीतल्या सामाईक विहिरीसारखं त्याचं आहे: दोन्ही भावांच्या सातबाऱ्यावर नोंद, आणि वाटणीची वेळ आली की दोघंही दोर घेऊन उभे. पुढून तो तीन बोल्टांनी इंजिनाच्या चकतीला जखडलेला, मागून गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसलेला. वाटणीचा कायदा मात्र पक्का आहे. इंजिन जाताना कन्व्हर्टर मागंच राहिला पाहिजे. तो इंजिनाबरोबर निघाला तर जाता जाता गिअरबॉक्सच्या तोंडचं तेल जमिनीवर ओततो, आणि परत येताना नीट बसला नाही तर आतल्या पंपाचा जीव घेतो.

हे तीन बोल्ट काढण्याची रीत पाहण्यासारखी आहे. इंजिनाच्या चकतीला फ्लेक्सप्लेट म्हणतात; मिस्त्रींनी ती पाहून "ह्येचं फ्लायव्हील पत्र्याचं हाय" असा शेरा मारला, आणि तो फारसा चुकीचा नव्हता. खालचं पातळ झाकण काढलं की चकतीचा एवढासा भाग दिसतो आणि त्यात एका वेळी एकच बोल्ट दर्शन देतो. तो सोडायचा. मग चकतीच्या दातांत मोठा स्क्रू-ड्रायव्हर अडकवून सगळं इंजिन हळूहळू फिरवायचं, की दुसरा बोल्ट येतो. बारक्या खाली उताणा, छातीवर बॅटरी. वर मिस्त्री विचारतात, "आला का?" खालून उत्तर, "याय लागलाय." थोड्या वेळानं, "आला का?" "आलता. गेला." कारण फिरवणारा हात जास्त फिरवतो आणि बोल्ट समोरून निघून जातो. पुन्हा पहिल्यापासून. या संवादात दुपार टळली, आणि भोवती माणसं जमली.

माणसं जमल्याशिवाय आपल्याकडे बोल्ट निघत नाही. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फोरमनकाका आले. त्यांचा सल्ला प्रत्येक बाबतीत "रॉकेल मारा" असा होता आणि बहुतेक वेळा तो उपयोगी पडला. पॉलिटेक्निकचा एक पोरगा आला; त्याला सगळी नावं ठाऊक होती, पाना कुठल्या हातात धरायचा ते सोडून. तालमीतली पोरं आली, धक्क्याचा पराभव त्यांच्या मनात होताच. "चेन ब्लॉक कशाला? चौघं उचलतो," असं त्यांचं म्हणणं. आठ सिलिंडरचं ते इंजिन अडीचशे किलोच्या घरात भरतं. मिस्त्रींनी त्यांना रेडिएटर उचलून बाजूला ठेवायचं काम दिलं. तो एकानंच नेला आणि बाकीचे त्याच्यामागून चालत गेले.

तीन पायांचा लोखंडी तिवडा उभा राहिला, चेन ब्लॉक लागला, साखळी ताणली. जोडावरचे बोल्ट निघाले. वरचे दोन तर दिसत नाहीत, बोटांनी चाचपून ओळखावे लागतात. गिअरबॉक्सचं पुढचं टोक आता बिनआधाराचं होणार, म्हणून त्याच्याखाली जॅक, जॅकवर सागवानी ठोकळा, ठोकळ्यावर आबांनी आणलेली घडीची सतरंजी. इंजिनाच्या पायाखालचे बोल्ट काढले. साखळी ओढली. इंजिन बोटभर उठलं आणि थांबलं.

पुन्हा ओढली. गाडीच वर यायला लागली.

"मारा झटका," तालीम म्हणाली. "रॉकेल मारा," फोरमनकाका म्हणाले. पोरगा फोनवर काहीतरी शोधू लागला. मिस्त्रींनी साखळी सोडून दिली आणि खाली बसून बराच वेळ नुसतं पाहिलं. मला या माणसाबद्दल आदर वाटला तो इथे. ओढून येत नाही त्या अर्थी कुठेतरी बोल्ट आहे, हे प्रत्येक मिस्त्रीला माहीत असतं. पण चारचौघं "मारा झटका" म्हणत असताना ते आठवणारे थोडे. "कशानं तरी धरलंय," ते म्हणाले, आणि इंजिनाच्या मागून, आग-भिंतीच्या फटीतून हात घातला. गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी जिच्यात असते ती लांब नळी. ती वर येऊन इंजिनाच्या हेडला एका चिमूटभर क्लिपनं बांधलेली होती. अडीचशे किलोचं धूड त्या क्लिपनं धरून ठेवलं होतं.

क्लिप निघाली. पहारीच्या टोकानं जोडात हलकी फट पाडली, त्या फटीतून मिस्त्रींनी कन्व्हर्टर मागं दाबून धरला, आणि इंजिन पुढं सरकून, नाक वर करून, झुलत बाहेर आलं. टेम्पोत बसून उद्यमनगरला गेलं. गिऱ्हाईक गेल्यावर दुकानदार दार ओढून घेतो त्या घाईनं मिस्त्रींनी गिअरबॉक्सच्या तोंडावर लोखंडी पट्टी आडवी ठोकली, कन्व्हर्टर पुढं सरकू नये म्हणून.

पुढचे काही आठवडे घरात राज्य गिअरबॉक्सचं. इंजिनाची चौकशी कुणी केली नाही. ते उद्यमनगरात होतं, तिथे त्याला काय होणार? गिअरबॉक्स मात्र ठोकळ्यावर मान टेकून अंधारात पडलेला, म्हणून आबा सकाळी उठले की आधी तिकडे बॅटरी मारून यायचे. मांजर आत शिरू नये म्हणून पोतं लावलं. (युरियाचं लावू नका, असं मिस्त्रींनी निक्षून सांगितलं.) दसरा आला. खंडेनवमीला गॅरेजातल्या हत्यारांची पूजा झाली, साडेचार सुताच्या पान्याला वेगळं कुंकू लागलं, आणि बॉनेटखाली इंजिनाच्या रिकाम्या जागेत कोनाड्यातल्या देवाप्रमाणे दिसणाऱ्या त्या गिअरबॉक्सला झेंडूचा हार चढला.

त्याच दिवशी पॉलिटेक्निकच्या पोरानं घोळ घातला. लाल तेल लाल का असतं, असं आबांनी सहज विचारलं. गळालं तर इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून रंग घालतात, इतकं सांगून त्यानं थांबायला हवं होतं. पण माहिती असलेला तरुण थांबत नाही. "आबा, पूर्वी ह्यात स्पर्म व्हेलचं तेल मिसळायचे. क्लचच्या चकत्या गुळगुळीत धराव्यात म्हणून. 1973 मध्ये अमेरिकेत कायदा झाला, तेव्हा बंद झालं."

आबा माळकरी. गळ्यातल्या माळेकडे त्यांचा हात गेला. "म्हंजे मोठा मासा?"

"मासा नाही, आबा. सस्तन प्राणी."

या दुरुस्तीनं प्रकरण सुधारलं नाही. गाडी 1964 ची, कायदा 1973 चा. मधल्या वर्षांचा हिशेब आबांनी बोटांवर केला. गिअरबॉक्सचं तेल आजवर बदललं का, हा प्रश्न मिस्त्रींना विचारला गेला, आणि मिस्त्रींनी अभिमानानं सांगितलं, "ह्या डब्याला आजपतूर कुणीबी हात लावलेला न्हाई." त्या गाडीतून किती माळकऱ्यांच्या पोरांच्या वराती निघाल्या असतील, त्यांत आबांची स्वतःचीही. शेवटी फोरमनकाका धावून आले. तेल आपण पीत नाही, गाडी पिते, आणि गाडीनं माळ घातलेली नाही, असा निवाडा त्यांनी दिला. तरीही तेल बदलायचं ठरलं. खालचं पॅन खोलावं लागणार होतं. हे हात लावण्यात येतं का, यावर पुन्हा दीर्घ चर्चा झाली. पॅन म्हणजे गिअरबॉक्स नव्हे, पॅन म्हणजे पॅन, असं ठरलं. मिस्त्रींनी मान दुसरीकडे वळवून पॅन खोलला.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा इंजिन परत आलं. नवा रंग, नव्या रिंगा, तिवड्याला लटकून जागेवर उतरायच्या बेतात. मिस्त्रींनी लोखंडी पट्टी काढली आणि हात धुवायला गेले. तेवढ्यात तालमीतल्या एका पोरानं, "ह्ये काय फिरतंय?" म्हणत कन्व्हर्टरला दोन्ही हातांनी धरून पुढं ओढलं. पाव वीत पुढं आला. लाल धार लागली.

मिस्त्री आले, धार पाहिली आणि काही बोलले नाहीत. त्या पोरानं नंतर मला सांगितलं की कुस्तीत हरल्यावर वस्तादांनी मारलेलं परवडलं.

कन्व्हर्टर परत बसवणं म्हणजे आंधळ्या हातानं करायचं काम. एकात एक तीन जोड आहेत: आतला दांडा, त्याच्यावरची नळी, आणि सगळ्यांत मागं पंपाच्या खाचा. कन्व्हर्टर दाबत दाबत फिरवायचा; प्रत्येक जोड बसला की टक असा आवाज येतो आणि भांडं थोडं आत जातं. तीन टक झाले पाहिजेत. दोनांवर समाधान मानून इंजिन जवळ आणलं आणि बोल्ट आवळून दोघांना जवळ ओढलं, तर पंपाचा चुराडा, आणि तो कळतो गाडी चालू केल्यावर. बसलाय की नाही याची खूण साधी: इंजिन हातानं लावून जोड पूर्ण मिटला पाहिजे, आणि तरी चकती आणि कन्व्हर्टर यांच्यात तीन-चार मिलिमीटरची फट राहून कन्व्हर्टर बोटानं मोकळा फिरला पाहिजे.

मिस्त्री पोटावर आडवे झाले. बँड शिकणारी पोरं गल्लीत सराव करत होती. आबांनी त्यांना हातानं गप्प केलं. टक. थोड्या वेळानं दुसरा टक. मग काही नाही. मिस्त्री फिरवतायत, दाबतायत, पुटपुटतायत. ज्याला आयुष्यात हात लावणार नाही म्हणाले होते त्याला आता कवेत घेऊन, गाल लावून पडले होते. फोरमनकाकांनी तोंड उघडलं, तेव्हा आबांनी त्यांनाही हातानंच थांबवलं. रॉकेल कुणी मागितलं नव्हतं. तिसरा टक इतका बारीक आला की तो आला यावर दोन मतं पडली. मिस्त्रींनी फट मोजली, बोटानं कन्व्हर्टर फिरवला, आणि पडल्या पडल्याच म्हणाले, "चहा सांगा."

तुळशीचं लग्न लागलं आणि चार दिवसांनी इम्पाला पहिल्या वरातीला निघाली. धूर नव्हता. घोड्यानं मागं वळून पाहिलं, बहुधा सवयीनं. पॉवरग्लाइडनं पहिल्यातून दुसऱ्यात जाताना नेहमीचा तो सुस्कारा टाकला आणि नवरीच्या मामांनी "गाडी काय पळतीया!" म्हणून मागच्या सीटवर थाप मारली. त्या सीटवर आता कुठली नटी बसली होती ते आबांनी त्यांना सांगितलं. हे नाव नवीन होतं.

बिल वहीच्या फाडलेल्या पानावर आलं. इंजिन उतरवणे-चढवणे. बोअर. पिस्टन, रिंगा, बेअरिंगा, पॅकिंगा. क्रँक घासाई. तेल, ग्रीस, रॉकेल. टेम्पो दोन वेळा. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: गिअरबॉक्सला हात लावला नाही. आणि समोर मांडलेला आकडा सगळ्या पानात मोठा.

आबांनी चष्मा सारखा केला. "मिस्त्री, हात लावला न्हाईस, तर पैसं कशाचं?"

"आबा," मिस्त्री म्हणाले, "लावला असता तर एवढं कष्ट पडलं नसतं."

आबांनी घासाघीस केली, पण वरच्या ओळींवर.